मुश्ताकभाईंच्या नावाची लाईन

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस महाड ते पोलादपूर शोधून सापडायचा नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलते, तेव्हा तुम्हाला सांगायला मला कसली चोरी? धंदा केबलचा, म्हणजे अर्धा जन्म गेला गच्च्यांवर आणि खांबांवर. पण शिडीवर पाय ठेवण्याआधी हा माणूस खाली उभ्या असलेल्याला सांगणार, "काय झालं तर आवडीला फोन करा." आवडी म्हणजे मी. माहेर उमरठ, सासर महाड, आणि काम ह्यांच्या केबलच्या ऑफिसात बसून लोकांच्या शिव्या फोनवर ऐकण्याचं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साली ह्यांनी गच्चीवर छत्री बसवली आणि आळीतल्या घरांना वायरी दिल्या. तेव्हा केबलला परवाना लागतो की नाही, हे धड कोणालाच माहीत नव्हतं. एक दिवस पोलिसांची जीप दारात थांबली, तर हे मागच्या दाराने जे निघाले ते थेट माझ्या माहेरी. माझ्या भावाला सापडले तेव्हा माळ्यावर भाताच्या कणगीमागे बसलेले, डोकं तुसाने माखलेलं. आणि इकडे जीपमधला शिपाई मला विचारतोय, "वहिनी, साहेबांच्या क्वार्टरला कनेक्शन कधी मिळंल?" एवढंच काम होतं त्याचं! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. आमच्या घरात कणगीचं नाव काढलं की आमचे हे, श्रीपतराव, आजही ताटावरून उठतात.

अशा माणसाने इंटरनेटच्या फंदात पडायलाच नको होतं. पण दोन हजार पाचच्या पुरात ऑफिस बुडालं, सगळं नव्याने उभं करायचं होतं, आणि तेव्हाच पुण्याची एक कंपनी केबलवाल्यांना इंटरनेटची लाईन देत होती. टीव्हीबरोबर तीही लाईन घेतली. त्या लाईनीचं शास्त्र थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

टीव्हीची वायर कोणीही कुठेही जोडा, चित्र दिसतं. इंटरनेटचं तसं नाही. पुण्यात कंपनीचं एक मशीन बसलेलं. तुम्ही घरी कॉम्प्युटर चालू केलात की ते मशीन आधी विचारतं, कोण तुम्ही? ते तुमचं नाव बघतं, पासवर्ड बघतं, आणि तिसरं म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डाचा नंबर बघतं. नाव-पासवर्ड उसना देता येतो. कार्डाला नंबर मात्र कारखान्यातून बाहेर पडतानाच दिलेला असतो. तिन्ही जुळलं तर दार उघडतं, आणि कोण कधी आत आला, कधी बाहेर गेला, ते तिथं टिपलेलं राहतं. एका नावावर एका वेळी एकच जण आत. दुसरा आला की त्याला पाटी दिसते, ऑलरेडी लॉग्ड इन. म्हणजे, बाबा रे, तू तर आधीच आत आहेस, मग आता पुन्हा कुठून उगवलास?

आता कॉम्प्युटर बदलला की कार्ड बदलतं, आणि कार्ड बदललं की मशीन ओळख देत नाही. मग पुण्याला अर्ज करायचा, आणि ज्याच्या नावावर लाईन त्याची सही त्यावर हवीच हवी. इथं आमचं गाडं अडायचं. आमच्या गिऱ्हाइकांत निम्मी घरं गल्फवाल्यांची. लाईन घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर घ्यायची ही रीत, विजेच्या मीटरसारखी, आणि कर्ता पुरुष बसलाय दम्मामला नाहीतर मस्कतला. तो सुट्टीवर येईल तेव्हा सही होणार. तोवर बायकोने कॅमेऱ्यावर नवऱ्याचं तोंड बघायचं नाही?

ह्यांनी त्यावर तोड काढली. जुन्या कार्डाचा नंबर नव्या कॉम्प्युटरात लिहून ठेवायचा. तशी सोय असते आत. पुण्याच्या मशीनला वाटतं, जुनाच कॉम्प्युटर आहे. कंपनीच्या करारात हे साफ मना होतं आणि ह्यांना तो करार तोंडपाठ होता. दर वेळी नंबर लिहिताना कपाळाला घाम फुटायचा. पण एखादी बाई दारात येऊन "श्रीपतभाऊ, ईद तोंडावर हाय," म्हणाली की संपलं. भित्रा माणूस नाही म्हणायलाही भितो.

साजिदाभाभी अशीच एक. आमच्या ऑफिसच्या मागच्या मोहल्ल्यात तिचं घर. नवरा मुश्ताकभाई दम्मामला ट्रेलर चालवतो. मुलगा हाशिम, आयटीआय झालेला, शांत स्वभावाचा पोरगा, बोलताना जमिनीकडे बघणारा. त्या घरात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा ह्यांनी जुना नंबर त्यात लिहून दिला. जुन्या कॉम्प्युटरचा डबा पडून होता, तो ह्यांनीच पोलादपूरच्या महिपतला मिळवून दिला. महिपतचं तिथल्या स्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्यालाही लाईन हवी होती. आमची लाईन डोंगरावरच्या वायरलेसच्या अँटेनावरून पोलादपूरला जायची. ह्यांनी दुकानापर्यंत वायर आणून त्या कॉम्प्युटरला लावून ठेवली, महिपतचा अर्ज पुण्याला पाठवला, आणि "मंजूर झालं की येऊन चालू करतो" असं सांगून परत आले.

त्यानंतर भाभीचे फोन सुरू झाले. "आवडीताई, पुन्ना ती पाटी आली बघ. आलरेडी." मी कंपनीच्या पानावर जाऊन मुश्ताकभाईंच्या नावापुढचं बटण दाबायची आणि लॉगिन मोकळं करून द्यायची. मध्येच वीज गेली की नाव आत अडकून राहतं, असं सगळ्यांचंच व्हायचं, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. उलट मीच तिच्यावर खेकसायची. "अगो भाभी, बंद करताना नीट डिस्कनेक्ट करत जा ना!" ती बिचारी म्हणायची, "करते गो बाय, कुराणावर हात ठेवून सांगते."

मग दोन हजार आठचा मार्च आला. वीस तारखेला चवदार तळ्यावर लाखो माणूस येतो, त्यामुळे आधीचे पंधरा दिवस पोलिसांना झोप नसते. त्यातच एका गुरुवारी दुपारी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला ईमेल आला, गेटपाशी स्फोट होणार म्हणून. कारखाना रसायनांचा. सायरन वाजला, माणसं डबे टाकून रस्त्यावर पळाली, बाया पोरांना शोधत एमआयडीसीच्या नाक्यावर धावल्या. कुत्री आणून कोपरा न् कोपरा हुंगवला. काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून बाजारात फटाक्यासारखा आवाज झाला तरी माणसं दुकानात शिरत होती.

सोमवारी सकाळी पुण्याहून फोन आला. तो ईमेल आमच्या लाईनीवरून गेला होता. पोलीस येतील, गिऱ्हाइकाचा पत्ता द्या. ह्यांनी रिसीव्हर हाताने झाकला. "आपल्या लाईनीवरनं? आवडे, आपल्या?" मी म्हटलं, "नाव विचारा आधी." नाव होतं मुश्ताकभाईंचं. थोड्या वेळाने जीप आली. ह्यांनी पत्ता सांगितला, घर दाखवायला शिपायाबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आणि परत येऊन खुर्चीत मटकन बसले. तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सुटलो बुवा."

मला असा संताप आला! "तुम्ही सुटलात. त्या घराचं काय?"

"त्यांनी केलं असंल तर भोगतील."

"हाशिम? तो पोरगा चपलेखाली मुंगी आली तर वळसा घालतो, तो बॉम्बचा ईमेल करील? तुम्ही लहानपणापासून बघताय त्याला!"

ह्यांनी मान खाली घातली. बघत होतेच की.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. घरातून कॉम्प्युटर उचलला, हाशिमला ठाण्यात नेला, पासपोर्ट ठेवून घेतला. पासपोर्ट! तिथंच सगळं होतं. पोराला दोह्याला फिटरचं काम लागलेलं. शनिवारचं विमान, आणि व्हिसाची मुदतही त्याच आठवड्यात संपत होती. शनिवार चुकला की काम गेलं, आणि ज्याच्या नावाला बॉम्बचा ईमेल चिकटला त्याला पुन्हा कोण बोलावतंय? संध्याकाळी त्याला घरी सोडला, पण रोज सकाळी हजेरी, आणि गाव सोडायचं नाही. ठाण्यातले फौजदार साहेब वाईट नव्हते. ते एवढंच म्हणत, "मशीन तुमचंच घर दाखवतंय. मी काय करू?"

मंगळवारी भाभी आमच्याकडे आली. एरवी ती दारातूनच हाका मारत येते. त्या दिवशी गुपचूप आत आली, स्टुलावर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"श्रीपतभाऊ, तुमी मशीनवाले. तुमी तरी सांगा. त्या गुरुवारी आमी घरात नाय होतो ओ. माज्या गुडघ्यासाठी सव गावाला गेलेलो, गरम पाण्याच्या कुंडावर. सकाळी गेलो ते दिवस मावळताना आलो. घराला कुलूप, कॉम्प्युटरचं बटण बोर्डावरनं बंद. मग माज्या घरातनं कोण बसला? जिन बसला?"

"पोलिसांना सांगितलंत ना?" ह्यांनी विचारलं.

"सांगितलं. ते बोलतात, आई पोरासाठी बोलनारच." मग तिला रडू फुटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतायत ओ! दम्मामला ह्याच्या अब्बाला अजून सांगितलं नाय मी. तो ट्रेलर चालवतो, त्याचं चित्त उडालं तर तिथं काय करून बसंल."

मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि हात फिरवता फिरवता माझाच हात थांबला. घर बंद, कॉम्प्युटर बंद, तरी मुश्ताकभाईंचं नाव आत! आणि ती पाटी, ऑलरेडी लॉग्ड इन. भाभी सांगत होती की ती नीट बंद करते, आणि मी तिच्यावर खेकसत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. म्हणजे माझ्या आधी त्यांना कळलं होतं.

भाभी गेल्याबरोबर मी दार लोटलं. "तो जुना डबा. महिपतकडचा. त्यातलं मुश्ताकभाईंचं नाव-पासवर्ड पुसलं होतंत?"

"ऱ्हायलं."

"आणि कार्डाचा नंबर?"

"जुनाच. कार्ड त्यातच हाय ना."

अरे देवा! म्हणजे महिपतने कधीतरी बटण दाबलं असणार, दार उघडलं असणार, आणि त्याला वाटलं असणार आपली लाईन मंजूर झाली. भाभी आत असली की तो बाहेर, तो आत असला की भाभी बाहेर. एका नावाच्या दोन चाव्या दोन गावांत फिरत होत्या आणि आम्ही बटण दाबून मोकळं करत बसलो होतो.

"मग उठा," मी म्हटलं, "जाऊन सांगा."

हे उठले नाहीत. हात गुडघ्यांत धरून बसले. "काय सांगू? मी नंबर बदलले, असं? एकाच घरचा नाय गो, सगळ्या मोहल्ल्याचा बदललाय. कंपनी करार मोडंल. पोलीस बोलतील, ह्यानेच गुन्हेगाराला वाट करून दिली. मला आत टाकतील आवडे. तुला ठाऊक हाय, मला नाय जमायचं. खाकी दिसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते."

"आणि हाशिम?"

"पोलीस काय आंधळे नायत. सापडंल त्यांना."

"शनिवारच्या आधी?"

रात्री हे जेवले नाहीत, आणि मीही वाढलं नाही.

बुधवारी सकाळी हे कापडी पिशवी घेऊन निघाले. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "पोलादपूरकडं. जमलं तर उमरठला जाऊन येतो." उमरठ म्हणजे माझं माहेर, म्हणजे तीच ती कणगी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जा," मी म्हटलं, "ह्या वेळी कणगीच्या आत बसा, बाहेरनं झाकण मी लावते!" हे न बोलता एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले, आणि मी त्यांची पाठ बघत दारात उभी राहिले. एवढी चीड मला लग्नानंतर कधी आली नव्हती.

तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. गल्लीत जीपचा आवाज आला की मी खिडकीशी. जमादार रस्त्यावरून सहज गेला तरी मला वाटे, आता आत येणार. भाभीच्या दारात एरवी दिवसभर बायकांचा राबता. त्या दिवशी दार बंद, आणि समोरचा चहावाला कोणाला तरी सांगत होता, "गरीब दिसनारी मानसंच डेंजर असतात." मला वाटलं, जावं आणि त्याची किटली त्याच्याच डोक्यावर ओतावी. पण मला खरी चीड माझ्याच घराची येत होती. खरं काय ते गावात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि आम्हीच तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

दुपार कलली. ह्यांचा पत्ता नाही. उमरठला भावाकडे फोन लावला. तो म्हणाला, "इकडं कोन आलं नाय गो, माळ्यावर पन बगितला." भित्रा माणूस घाबरून काय करील सांगता येत नाही. आणि त्याच वेळी मनाने ठरवलं, आता मीच जाते. बोलता येईल तसं बोलेन. ऑफिसला कुलूप घातलं, पदर खोचला आणि ठाण्याकडे चालू लागले. तोंडाने ह्यांना भित्रे म्हणते मी, पण त्या दिवशी मीही काही वाघीण नव्हते. चवदार तळ्यापाशी मांडव घालणाऱ्यांची गर्दी होती, पोलीसच पोलीस. प्रत्येक जण माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं.

ठाण्याच्या पायऱ्या चढले आणि बघते तर काय! बाहेरच्या बाकावर आमचे हे. मांडीवर तो जुना डबा, दोन्ही हातांनी कवटाळलेला, आजारी पोराला धरावं तसा. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो! केव्हा आलात?"

"बारा वाजता असंन."

"बारा वाजता? आणि बोललात काय?"

"काय नाय." त्यांचे ओठ सुकून गेले होते. "दोनदा विचारलं त्यांनी, काय काम हाय. मी बोललो, काय नाय, बसलोय."

सकाळी हे थेट महिपतकडे गेले होते. त्याला गप्पा मारता मारता विचारलं, गुरुवारी दुपारी इथं कोण बसलेलं? महिपत म्हणाला, एमआयडीसीतून काढून टाकलेला एक जण होता. ठेकेदाराच्या नावाने शिव्या घालत होता, ईमेल टाकायचाय म्हणून बसला आणि हसत हसत गेला. मग ह्यांनी "लाईन बिघडलीय, दुरुस्तीला नेतो" अशी थाप मारून डबा उचलला आणि एसटीत मांडीवर घेऊन महाडला आले. उमरठची एसटी समोरच लागली होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. एक पाय पायरीवर ठेवला पण होता.

"चला आत," मी म्हटलं.

"तू बोल ना, आवडे. तुला बोलता येतं."

मला येतं बोलता, कोणाच्याही बापाशी. पण मी मान हलवली. "नंबर तुम्ही लिहिलेत. मी नुसती शेजारी उभी राहते."

आत गेलो. फौजदार साहेबांनी डबा बघितला आणि आधी तडकलेच. "हे काय? पुरावा आहे तो! तुम्हाला कोणी सांगितलं उचलून आणायला? आता मी कसं ठरवायचं तुम्ही यात काही केलं नाही म्हणून?" झालं! करायला गेलो एक. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसणार. टेबलाची कड धरून ह्यांनी काहीतरी म्हटलं, ते मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोला."

"तो पोरगा नाय, साहेब." आणि मग जे सुटले ते थांबेचनात. कार्डाचा नंबर काय असतो, तो नव्या कॉम्प्युटरात कसा लिहिला, जुन्यात कसा राहिला, महिपतने नकळत कसा चालू केला, गुरुवारी तिथं कोण बसलं होतं. वर न विचारता हेही सांगून टाकलं की अशीच आणखी घरं आहेत, आणि सगळ्यांचं मी केलंय, त्या लोकांचा काही दोष नाही. साहेब मध्येच थांबवून नीट नीट विचारत होते. त्यांना सगळं समजत होतं, फक्त आतापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

"करारात हे मना आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग का केलंत?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ईद होती, साहेब," म्हणाले. "बायांना मानसं बघायची होती."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग शिपायाला म्हणाले, "पोलादपूरला गाडी काढा." आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही बसा. तुमचा जबाब संपलेला नाही."

त्या इसमाला गुरुवारी त्याच्या गावातून उचलला. ठेकेदाराची जिरवायची म्हणून केलं, असं त्याने कबूल केलं. महिपतचा जबाब झाला, आणि शुक्रवारी हाशिमचा पासपोर्ट भाभीच्या हातात परत आला. ती तो छातीशी धरून रस्त्यातच उभी राहिली, आणि चहावाला म्हणतो कसा, "मी आधीच सांगत होतो." मेल्या!

पण आमचं व्हायचं ते झालंच. कंपनीने शुक्रवारीच आमची सगळी लाईन बंद केली. मोहल्ल्यातले कॉम्प्युटर एकदम मुके झाले. माझा फोन तापला. कोणाचा नवरा मस्कतला, कोणाचा भाऊ जेद्द्याला, आणि सगळ्यांची तोंडं आमच्यावर सुटली. एकाने तर विचारलं, "तुला कोणी सांगितला होता शहाणपणा?" मी फोन ठेवून दिला. ह्यांना कंपनीने शनिवारीच पुण्याला बोलावलं होतं, करार मोडल्याचा जाब द्यायला. पुढे ह्यांच्यावर तक्रार देऊन गुन्हा नोंदवायचा की नाही, तेही तिथंच ठरणार होतं. रात्रभर हे छताकडे बघत पडले होते.

शनिवारी सकाळी हाशिमची भाड्याची जीप मुंबईला निघायची होती आणि ह्यांची एसटी पुण्याला. आम्ही भाभीच्या दारात उभे होतो. तिने हाशिमच्या उजव्या दंडाला हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं नाणं बांधलं. इमाम जामीन म्हणतात त्याला. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याला बांधतात, वाटेत सांभाळ व्हावा म्हणून, आणि सुखरूप पोचलं की सोडून ते नाणं गरिबाला द्यायचं. हाशिमने वाकून ह्यांच्या पायाला हात लावला.

जीप वळणावरून गेली. भाभी डोळे पुसून आत गेली आणि तसंच दुसरं फडकं घेऊन आली. "श्रीपतभाऊ, हात पुढं करा."

"मला कशाला? मी पुण्यालाच तर चाललोय."

"तुमाला जास्त लागंल," ती म्हणाली, आणि गाठ घट्ट मारली. तिच्या घरात आता नवऱ्याचं तोंड दिसणार नव्हतं, मुलाचंही नाही. लाईनच नव्हती. तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

पुण्याहून हे परत आले ते करार गमावून. इंटरनेट गेलं, टीव्हीची केबल तेवढी राहिली. गुन्ह्याचं म्हणाल तर 'बघू' असं सांगून सोडलं होतं, आणि कोर्टात साक्षीला बोलावणं यायचं ते वेगळंच. अजूनही दारात पोस्टमन आला की हे आधी माझ्या तोंडाकडे बघतात.

हाशिम दोह्याला पोचल्याचा फोन आला त्या संध्याकाळी मी ह्यांना अंघोळीला पाणी काढून दिलं, तर दंडावर ते फडकं तसंच. भिजून काळं पडलेलं.

"अहो, पोचल्यावर सोडायचं असतं ते. भाभीने सांगितलं नव्हतं?"

ह्यांनी त्या गाठीवर तळहात ठेवला. "मग राहू दे," म्हणाले. "मी कुठं पोचलोय अजून?"